संत गोन्सालो गार्सिया

मुंबईच्या उत्तरेस, खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे, वसईचा जुना किल्ला उभा आहे. चिमाजी आप्पांनी 1739 साली हा किल्ला जिंकला, त्या पराक्रमाची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. परंतु त्या विजयाच्या सुमारे पावणेदोनशे वर्षे आधी ह्याच वसईत एक मुलगा जन्मला, आणि पुढे कोकणापासून हजारो कोस दूर असलेल्या जपानात त्याने आपला देह ठेवला, ही हकिकत फारच थोड्यांना माहीत असते. त्या मुलाचे नाव गोन्सालो गार्सिया. ख्रिस्ती धर्मपीठाने पुढे त्याला संत म्हणून गौरविले. भारतभूमीत जन्मून त्या पदाला पोचलेला तो पहिलाच पुरुष होय.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह ह्याने 1534 साली वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगिजांच्या स्वाधीन केला. थोड्याच वर्षांत तेथे तटबंदी, वखारी, देवळे, मठ आणि उंच माड्यांची घरे उभी राहिली. पोर्तुगालहून आलेल्या शिपायांपैकी कित्येकांनी इकडच्याच स्त्रियांशी विवाह करून येथे संसार थाटले. गोन्सालोचा पिता असाच एक पोर्तुगीज शिपाई होता आणि त्याची माता कोकणची कन्या होती. 1557 च्या सुमारास त्यांच्या पोटी गोन्सालो जन्मला.

अशा मुलांचे जीवन सोपे नसे. त्या काळच्या पोर्तुगीज राज्यात माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरे. पोर्तुगालात जन्मलेला तो सर्वांत श्रेष्ठ, ज्याच्या अंगात इकडचे रक्त मिसळले आहे तो त्याच्या खालचा आणि एतद्देशीय तो सर्वांत खालचा, अशी तेथली उतरंड होती. मिश्र कुळातील मुलाला वडिलांची माणसे आपल्यातला मानीत नसत आणि आईच्या माणसांनाही तो परकाच वाटे. मात्र अशा मुलाला एक देणगी आपोआप मिळे. एक भाषा आईची आणि दुसरी वडिलांची, अशा दोन भाषा त्याच्या कानांवर लहानपणापासून पडत. कोणती गोष्ट कोणाशी कोणत्या शब्दांत बोलावी, हे त्याला न शिकवताच समजे. गोन्सालोच्या साऱ्या आयुष्याचे सूत्र ह्या एका देणगीत आहे.

वसईत जेझुइट संघाच्या धर्मगुरूंची शाळा होती. तेथे गोन्सालो शिकू लागला. फादर सेबास्तियांव गोन्साल्विस ह्या गुरूंची त्याच्यावर माया जडली. वाचन, लेखन, गायन आणि धर्मशिक्षण हे त्या शाळेतील मुख्य विषय. गोन्सालो पंधरा वर्षांचा झाला त्या सुमारास जेझुइट धर्मगुरू जपानकडे जावयास निघाले, आणि त्यांच्याबरोबर हा मुलगाही निघाला.

आज आपण नकाशावर बोट ठेवून वसईपासून जपानपर्यंतचा मार्ग क्षणात दाखवू शकतो. त्या वेळी मात्र तो प्रवास कित्येक महिन्यांचा असे. गोवा, मलाक्का आणि मकाव अशी बंदरे घेत जहाजे जात. एकेका बंदरात अनुकूल वाऱ्याची वाट पाहत त्यांना दीर्घ काळ थांबावे लागे. वादळ, चाचे, ताप आणि कुजलेले अन्न ह्यांनी किती प्रवासी वाटेतच दगावत, ह्याला गणती नव्हती. एवढ्या लहान वयात घरदार सोडून जाणाऱ्या त्या मुलाच्या मनात त्या दिवशी काय आले असेल! आपल्या गावी तो पुन्हा कधीच परतला नाही.

फ्रान्सिस झेवियर हे 1549 साली जपानात उतरले होते आणि तेव्हापासून जेझुइट धर्मगुरू तेथे कार्य करीत होते. सगळा देश त्या वेळी सरदारांच्या आपसांतील युद्धांनी पोळून निघाला होता. परकीय धर्मगुरूंना तेथे सर्वांत मोठी अडचण पडे ती भाषेची. जपानी भाषेत बोलताना वडीलधाऱ्यांशी एक रीत, बरोबरीच्यांशी दुसरी आणि धाकट्यांशी तिसरी अशी असते. मराठीत आपण 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' असा भेद करतो, पण जपानीत हा भेद ह्याहून कितीतरी सूक्ष्म आहे. चुकीचा शब्द तोंडून गेला की ऐकणाऱ्याचा अपमान होई. युरोपातून आलेले विद्वान वर्षानुवर्षे ह्या भाषेशी झगडत, परंतु वसईच्या ह्या मुलाने ती लवकरच आत्मसात केली. रस्त्यावरच्या मुलांत, बाजारात आणि गरिबांच्या झोपड्यांत तो वावरू लागला. धर्मोपदेशकांचा मदतनीस म्हणून त्याने सुमारे आठ वर्षे काम केले. तो मनमिळाऊ होता आणि लोकांना तो प्रिय झाला.

आपल्याला ह्या संघात कायमचे स्थान मिळावे अशी गोन्सालोची उत्कट इच्छा होती, पण ती पूर्ण झाली नाही. तेवीस-चोवीस वर्षांच्या त्या तरुणाने मग संघाचा निरोप घेतला आणि तो व्यापारात शिरला. जपानी, पोर्तुगीज आणि इतर पूर्वेकडील लोक यांच्यामध्ये उभे राहून दोन्ही बाजूंना समजेल असे बोलणारा माणूस त्या बंदरांतून दुर्मिळच होता. गोन्सालोचा व्यापार झपाट्याने वाढला. पैसा आला, प्रतिष्ठाही आली. ज्या जन्मामुळे त्याला मागे राहावे लागले असते, त्याच जन्माने दिलेल्या गुणावर तो श्रीमंत झाला. कोणीही येथे समाधान मानले असते.

व्यापाराच्या निमित्ताने गोन्सालो फिलिपीन बेटांतील मनिला शहरी गेले. ही बेटे स्पेनच्या राजाच्या ताब्यात होती. तेथे त्यांची गाठ फ्रान्सिस्कन संघाच्या बंधूंशी पडली. हा संघ इटलीतील असिसी गावच्या संत फ्रान्सिस ह्यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी स्थापन केला होता. संत फ्रान्सिस हे एका धनाढ्य कापडव्यापाऱ्याचे पुत्र. त्यांनी वडिलांची संपत्ती, एवढेच नव्हे तर अंगावरची उंची वस्त्रेदेखील परत केली आणि जाडेभरडे कापड पांघरून, कमरेला दोरी बांधून ते कुष्ठरोग्यांच्या सेवेत रमले. पशुपक्ष्यांनाही ते आपली भावंडे म्हणत, अशा कथा युरोपात घरोघर सांगतात. ज्याने व्यापाऱ्याच्या पेढीवरून उठून दारिद्र्य पत्करले, त्या संताचे चरित्र ऐकून एका व्यापाऱ्याचे मन हलले, ह्यात नवल काय? गोन्सालोंनी आपला सारा व्यापार सोडला आणि ते ह्या संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरू कधी झाले नाहीत. स्वयंपाक, झाडलोट, रोग्यांची शुश्रूषा आणि दुभाष्याचे काम हीच त्यांची सेवा होती.

ह्या संघाचा कोकणाशी संबंध त्याहूनही जुना होता. वसईच्या जवळच असलेल्या ठाणे शहरात 1321 साली फ्रान्सिस्कन संघाचे चार बंधू तेथील सत्ताधाऱ्यांच्या रोषास बळी पडले होते. त्यांपैकी दिमित्रिअस हा जॉर्जिया देशाचा एक साधा बंधू होता आणि अनेक भाषा जाणत असल्यामुळे तो इतरांचा दुभाषी म्हणून बरोबर आला होता. पुढे ओडोरिक नावाचा त्याच संघाचा प्रवासी ठाण्याला आला आणि त्या चौघांच्या अस्थी त्याने गलबतातून चीनपर्यंत नेल्या. एक दुभाषी बंधू जॉर्जियातून निघून कोकणात मेला आणि पावणेतीनशे वर्षांनी दुसरा दुभाषी बंधू कोकणातून निघून जपानात मेला. इतिहासात असे योग क्वचितच जुळून येतात.

जपानात आता टोयोटोमी हिदेयोशी ह्याची सत्ता होती. शेतकऱ्याच्या कुळात जन्मून केवळ आपल्या कर्तृत्वावर हा पुरुष सर्व जपानचा सूत्रधार झाला होता. परकीय धर्मगुरूंनी देश सोडून जावे असा हुकूम त्याने 1587 साली काढला, परंतु त्याची अंमलबजावणी कडकपणे केली नाही, कारण पोर्तुगिजांचा व्यापार त्याला हवा होता. 1592 मध्ये त्याने कोरियावर स्वारी केली, आणि मनिलाच्या स्पॅनिश अधिकाऱ्यांनीही आपली सत्ता मान्य करावी असे निरोप तो पाठवू लागला. मनिलाच्या गव्हर्नराने 1593 साली फ्रान्सिस्कन संघाचे पेद्रो बाप्तिस्ता ह्यांना वकील म्हणून जपानला धाडले. त्यांच्याबरोबर तीन बंधू होते. त्यांतील एक गोन्सालो गार्सिया. वकिलातीत जपानी भाषा त्यांच्याइतकी चांगली कोणालाच येत नव्हती.

क्यूशू बेटावरील नागोया येथे हिदेयोशीचा तळ पडला होता. तेथील दरबारात ही भेट झाली. एका बाजूस रेशमी वस्त्रे ल्यालेले सरदार बसले होते आणि दुसऱ्या बाजूस अनवाणी पायांचे, ठिगळे लावलेले झगे घातलेले चार बंधू उभे होते. मधली वाणी गोन्सालोंची होती. हिदेयोशीने मनिलाची शरणागती मागितली. आम्ही मैत्रीसाठी आलो आहोत, ताबेदारीसाठी नव्हे, असे उत्तर पेद्रो बाप्तिस्तांनी दिले. हे उत्तर जपानीत सांगणे म्हणजे विस्तव हातात धरण्यासारखे होते. शब्द अधिक मऊ केले असते तर आपल्या वकिलाशी बेइमानी झाली असती आणि अधिक कठोर केले असते तर चौघांच्याही माना तेथेच गेल्या असत्या. दुभाष्याचे काम वरवर पाहता हलके वाटते. दुसऱ्याचे बोलणे पुन्हा बोलायचे, एवढेच ते असते असे पुष्कळांना वाटते. परंतु दोन राज्यांची युद्धे आणि तह कित्येकदा अशा एखाद्या अप्रसिद्ध माणसाच्या जिभेवर तोललेले असतात. त्या दिवशी तो तोल ढळला नाही. हिदेयोशीचे समाधान झाले आणि मनिलाहून उत्तर येईपर्यंत त्या बंधूंना देशात राहण्याची परवानगी त्याने दिली.

राजधानी क्योटो येथे त्यांना जागा मिळाली. तेथे त्यांनी एक मंदिर, एक छोटा मठ आणि रुग्णालये उभारली. ही रुग्णालये मुख्यतः कुष्ठरोग्यांसाठी होती. त्या काळी जगात सर्वत्र कुष्ठरोग्याला जिवंतपणीच मेलेला समजत. त्याला घरातून बाहेर काढीत आणि त्याची सावलीही टाळीत. गोन्सालो आणि त्यांचे बंधू ह्या रोग्यांच्या जखमा धुवीत, त्यांना आपल्या हातांनी जेवू घालीत. ह्या कामात कित्येक जपानी स्त्रीपुरुष आणि काही मुलेही आपण होऊन सामील झाली. तीन वर्षे अशी गेली.

ऑक्टोबर 1596 मध्ये 'सान फेलिपे' नावाचे एक मोठे स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोकडे जात असता वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. त्यात अपार माल होता. तो सगळा हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला. ह्या वेळी जहाजाच्या तांडेलाने स्पेनच्या विस्तीर्ण साम्राज्याच्या बढाया मारल्या आणि आमचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो व मागाहून सैन्य धाडतो असे काहीतरी तो बरळला, अशी वार्ता क्योटोला पोचली. ह्या वार्तेवरून पुढे स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांनी एकमेकांवर पुष्कळ दोष ढकलले. हिदेयोशीच्या मनातील संशय मात्र भडकला. तो संशय अगदीच निराधार होता असेही म्हणता येत नाही, कारण धर्म आणि राज्य यांची युरोपियनांनी अनेक ठिकाणी सांगड घातली होती, आणि खुद्द वसई हेच त्याचे उदाहरण होते. परंतु त्या संशयाची शिक्षा भोगावी लागली ती कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणाऱ्यांना.

डिसेंबरात मठाला वेढा पडला. क्योटो आणि ओसाका येथून चोवीस माणसे धरण्यात आली. त्यांत गोन्सालोंसह सहा फ्रान्सिस्कन बंधू होते, तीन जपानी जेझुइट होते आणि बाकीचे साधे जपानी लोक होते. सर्वांचे नाक-कान कापावेत असा मूळ हुकूम होता, परंतु अधिकाऱ्याने दया दाखवून डाव्या कानाचा केवळ तुकडा कापण्यावर भागविले. 3 जानेवारी 1597 रोजी हे झाले. नंतर त्यांना बैलगाड्यांत बसवून शहरातून फिरविण्यात आले आणि नागासाकीकडे नेण्यात आले. तेथे त्यांना क्रूसावर मारायचे होते.

क्योटोपासून नागासाकी सुमारे 800 किलोमीटर आहे. देवरूखहून पायी निघून आंबा घाट चढावा आणि थेट वर्ध्यापर्यंत चालत जावे, एवढा हा पल्ला. त्यातून ऐन हिवाळा होता. बर्फाने झाकलेल्या वाटांवरून, जखमी कानांनी, पहाऱ्यात ती माणसे महिनाभर चालली. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघा जपानी गृहस्थांनाही पहारेकऱ्यांनी पकडले आणि चोवीसांचे सव्वीस झाले. त्यांच्यात तीन मुले होती. लुईस इबाराकी हा बारा वर्षांचा, आंतोनिओ तेरा वर्षांचा आणि थोमास कोझाकी चौदा वर्षांचा. थोमासचा बापही त्याच रांगेत चालत होता. ह्या मुलाने वाटेतून आपल्या आईला पत्र लिहिले. लहानग्या लुईसची कीव येऊन अधिकाऱ्याने त्याला धर्म सोडण्याच्या अटीवर जीवदान देऊ केले, पण त्याने ते नाकारले.

5 फेब्रुवारी 1597 रोजी सकाळी नागासाकीजवळच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस मांडून ठेवले होते. लोखंडी कड्या आणि दोर यांनी एकेकाला त्यांवर बांधण्यात आले. सर्वांच्या आधी गोन्सालो गार्सिया क्रूसावर आडवे झाले असे परंपरा सांगते. पाउलो मिकी ह्या जपानी जेझुइटाने क्रूसावरूनच जमलेल्या लोकांना उपदेश केला आणि आपल्याला मारणाऱ्यांना क्षमा केली. मुले स्तोत्रे गाऊ लागली. नंतर भालेकरी पुढे आले, आणि थोड्याच वेळात सर्व संपले. गोन्सालो त्या वेळी चाळीस वर्षांचे होते.

ह्या सव्वीस जणांविषयी पुढे अनेक चमत्कारकथा पसरल्या. आकाशात प्रकाश दिसला, पक्ष्यांनी देहांना चोच लावली नाही, असे लोक सांगू लागले. जुन्या काळापासून संतांच्या भोवती अशा कथांची वेल चढतच आली आहे, मग तो संत कोणत्याही देशाचा असो. ज्यांना त्या कथा प्रिय आहेत त्यांनी त्या अवश्य ऐकाव्यात. त्या बाजूस ठेवल्या तरीही, वसईचा एक मुलगा अनवाणी पायांनी बर्फातून चालत गेला, एवढी गोष्ट उरतेच. 1598 साली हिदेयोशी मरण पावला. 1614 पासून जपानात ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी आली आणि ती 1873 पर्यंत टिकली. तरीही नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांतील शेतकरी आणि कोळी यांनी आपला धर्म पिढ्यान्‌पिढ्या गुप्तपणे जपला. ह्याच सव्वीस जणांच्या स्मरणार्थ नागासाकीत बांधलेल्या औरा येथील मंदिरात 1865 साली ते लोक हळूच आले आणि त्यांनी आपली ओळख सांगितली, तेव्हा जग चकित झाले.

रोमच्या पोपने 1627 साली गोन्सालोंना धन्य म्हणून आणि 8 जून 1862 रोजी संत म्हणून घोषित केले. ह्या दोन घटनांच्या मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. ब्राझील देशातील रेसिफे शहरात मिश्र वर्णाचे पुष्कळ लोक राहत. गोऱ्यांच्या समाजात त्यांना हलके लेखीत आणि मिश्र रक्ताचा माणूस कधी पुण्यवान असूच शकत नाही, असेही बोलत. ह्या लोकांना वसईच्या गोन्सालोंचा पत्ता लागला. त्यांचा पिता गोरा होता आणि माता भारतीय होती! 1745 साली रेसिफेच्या मिश्रवर्णीयांनी आपल्या रंगाचा संत म्हणून त्यांचा मोठा उत्सव केला. मिरवणुका निघाल्या, प्रवचने झाली. गोन्सालो खरोखरच मिश्र वर्णाचे होते की नाही ह्यावर तेथे वाद माजला, आणि एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी भर प्रवचनात भूगोल व वंशावळी यांचे दाखले देऊन ते तसेच होते असे प्रतिपादन केले. ज्या कोकणी मातेचे नावदेखील इतिहासाने नीट जपले नाही, तिच्यामुळे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरील हजारो लोकांना मान ताठ करता आली.

नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर 1962 साली एक स्मारक उभारण्यात आले. त्यात सव्वीसही जणांच्या कांस्यमूर्ती एका ओळीत आहेत. तीन मूर्ती इतरांपेक्षा ठेंगण्या आहेत, त्या मुलांच्या. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांच्या जुन्या मंदिराचे भव्य दार अद्याप उभे आहे, आणि लोक त्याला गोन्सालो गार्सियांच्या नावाने ओळखतात. जवळच्या गास गावात त्यांच्या नावाचे मंदिर आहे. वसईत त्यांच्याच नावाचे एक महाविद्यालयही असून कोकणच्या ह्या पट्ट्यातील सर्व जातिधर्मांची मुले तेथे शिकतात.